आत्याच्या झग्याची शिवण

तिचा दिवस पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. साडेपाचला मुलाचा गजर वाजे. भांड्यांचा आवाज होणारी सगळी कामं त्याच्या आत उरकलेली असली पाहिजेत, असा तिचा स्वतःचा नियम होता. वीस मिनिटांत पाणी भरणं, भाजी चिरणं, आदल्या दिवशीची भांडी जागेवर लावणं. मग चौघांचे डबे, नातवाचे कपडे, आणि साडेसातची बस. नवाच्या ठोक्याला ती नाट्यगृहाच्या मागच्या दारातून आत यायची. तेवीस वर्षांत मी तिला एकदाच उशिरा येताना पाहिलं. त्या दिवशी बस बंद पडली होती आणि ती निम्मा रस्ता चालत आली होती. तरी वीस मिनिटांच्या वर उशीर झाला नव्हता.

ती आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटात होती. नटनट्यांचे कपडे शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायचे, फाटलं की सांधायचं. मी त्याच कंपनीत सुतार. एकतीस वर्षं मी भिंती उभ्या केल्या आणि पाडल्या. तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे, कारण तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असत आणि त्यांच्यासकट ती बोलायची. नव्या माणसाला वाटे, बाई रागावल्यात. बहुतेक वेळा त्या रागावलेल्याच असत.

आमच्या कंपनीचं पोट एका जुन्या विनोदी नाटकावर चालायचं. बाकीची नाटकं यायची, जायची. हे एकवीस वर्षं चाललं. गोष्ट साधी. एक तरुण, एक तरुणी. तरुणीचा बाप कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारा. त्याने मुलीसाठी पैसेवाला म्हातारा ठरवलेला. मध्ये एक उंच भिंत, आणि चलाख नोकर, जो दोन्हीकडून बक्षीस खातो.

भिंत मी बनवलेली होती. प्लायवूड, मागून दोन टेकू, वर रंगवलेल्या विटा. प्रियकर त्या भिंतीवरून उडी मारायचा तेव्हा टाळ्या पडायच्या. पलीकडे गादी धरून मी उभा असायचो. त्याला तीन सेकंद लागत. मला ती गादी खालच्या खोलीतून वर आणून, लावून, परत नेऊन ठेवायला पंचवीस मिनिटं लागत. नाटकातल्या प्रेमाचं असंच असतं. ते ज्यांना होतं त्यांना घाम येत नाही.

विनोदी नाटकं मी पुष्कळ पाहिली, सगळी मागून. जुनी, त्याहून जुनी, परभाषेतून आणलेली. सांगाडा एकच. तरुणांचं एकमेकांवर प्रेम, आणि अडवायला म्हातारे. बाप, काका, मामा, नाहीतर पालनकर्ता. मग वेषांतर, चुकीच्या हातात पडलेली चिठ्ठी, कपाटात लपणं. शेवटच्या दहा मिनिटांत बाप विरघळतो. का विरघळतो, हे मला अजून कळलेलं नाही. पडदा पाडायची वेळ झालेली असते म्हणून असेल. आणि या नाटकांत एखाद्या पिकल्या केसांच्या माणसाला प्रेम झालं, तर ते हसण्यासाठी. दुसऱ्या कशासाठी झालेलं मी पाहिलं नाही.

आमच्या नाटकात त्यासाठी आत्या होती. बापाची विधवा बहीण, पन्नाशी उलटलेली. दुसऱ्या अंकात प्रेमिकांना पळायला वाट हवी असते आणि आत्या बागेत बसलेली असते. म्हणून तो नोकर श्रीमंत माणसाचे कपडे घालून येतो आणि तिला सांगतो, तुमच्याशिवाय मला झोप लागत नाही. आत्या भडक पिवळा, नको तिथे फिती लावलेला झगा घालून आलेली. ती म्हणते, "मला वाटलं होतं, माझे दिवस गेले." त्याचा हात धरते, त्या हातावर ओठ टेकायला वाकते, आणि टर्रर्र. झगा पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत उसवतो आणि आतलं लाल कापड दिसतं. नाट्यगृह डोक्यावर घेतलं जायचं. एकवीस वर्षांत हा हशा चुकला नव्हता.

तो हशा टाचणीबाई शिवायच्या. हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. झग्याची बाकी सगळी शिवण मशीनची, पक्की. पाठीची एक शिवण मात्र प्रत्येक प्रयोगाआधी हाताने. त्यासाठी दोरा वेगळा. साध्या सुताचं रीळ त्या दोन-दोन आठवडे खिडकीत उन्हात ठेवून द्यायच्या, म्हणजे दोरा कुजायला येतो. मग धावदोरा, बोटभर अंतरावर एक टाका, खाली गाठ नाही. फार कच्चं शिवलं तर आत्या खुर्चीत बसतानाच उसवणार. थोडं पक्कं झालं तर वाकल्यावरही उसवणार नाही. टाके मधल्या भागात किंचित दाट, कारण तिथे ताण आधी येतो. अकरा मिनिटांचं काम. फाटलेलं नीट शिवणारे मी खूप पाहिले. बरोबर ठरल्या क्षणी फाटेल असं शिवणाऱ्या त्या एकट्याच.

आता दिवेवाल्यांबद्दल. ते आमच्याकडे रंगमंचाचे दिवे सांभाळत. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. रोज संध्याकाळी कामावर असणाऱ्या माणसाला मुलगी कोण देणार, असं ते म्हणत. बोलणं कमी. शिडी स्वतःची, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

एके दिवशी सकाळी ते कपडेपटात आले आणि काही न बोलता टाचणीबाईंच्या टेबलाची उंची मोजली. मग बाई खुर्चीत बसलेल्या असतानाच जमिनीपासून त्यांच्या खांद्याची उंची मोजली. टाचणीबाई टाचण्यांमधून म्हणाल्या, "माझं माप घ्यायचं काम माझं आहे." ते म्हणाले, "हं." दोन दिवसांनी त्यांनी एक जुना दिवा लांब दांडीवर बसवून आणला आणि टेबलाला जोडला. आधीचा दिवा डावीकडे होता. हा उजवीकडे. टाचणीबाई डावखुऱ्या. आधीच्या दिव्यात त्यांच्याच हाताची सावली टाक्यावर पडायची.

टाचणीबाईंनी दिवा लावला, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे चार टाके घातले, आणि टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, बावीस वर्षं मी स्वतःच्या सावलीत शिवतेय. तुम्ही रोज इथून जाता. तुमच्या आलं लक्षात?"

नव्हतं आलं. मी तसं सांगितलं.

त्यानंतर वर्षभर काही घडलं नाही, म्हणजे नाटकात दाखवण्यासारखं काही. ते चहा आणून ठेवायचे. त्या त्यांच्या कोटाचं अस्तर बदलून द्यायच्या. एका दुपारी मी कपडेपटात फळीचं माप घेत होतो आणि त्या म्हणाल्या, "दिवेवाले, तुमच्या घरी दिवा कुठल्या बाजूला आहे?"

"एकच आहे. छताला, मधोमध."

"बदलता येईल?"

त्यांनी मनात हिशेब केला. खोटा आकडा सांगणारा माणूस नव्हता तो. "येईल. दोन तास लागतील. भिंत फोडावी लागेल थोडी."

"मग फोडा," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं ठरणं. माझ्यासमोर झालं म्हणून ठामपणे सांगतो.

अडथळा बत्तीस वर्षांचा होता. टाचणीबाईंचा मुलगा. त्याचे वडील फार पूर्वी वारलेले. विमा कचेरीत नोकरी, स्वभावाने वाईट नाही. त्या रविवारी मी त्यांच्या घरी होतो, कारण स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबत होतं आणि मी ते बसवून देतो म्हटलं होतं. सकाळचे सात. मुलगा टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होता. सूनबाई चहा ओतत होत्या.

"तुला एक सांगायचंय," टाचणीबाई म्हणाल्या. "लग्न ठरलंय."

"अरे वा. कुणाचं?"

"माझं."

त्याने पान उलटलं. मग परत मागे उलटलं. "आई, सकाळी सकाळी काय चेष्टा?"

"सकाळी मी चेष्टा करत नाही. सकाळी मला कामं असतात."

"कोण आहे?"

"आमच्याकडचे दिवेवाले."

"तो शिडीवरचा म्हातारा?"

"एकसष्टचे आहेत. शिडी अजून चढतात."

"आई, तू चोपन्न वर्षांची आहेस!"

"माहितीये मला. तू बत्तीसचा आहेस तेही माहितीये. तुझ्या जन्माच्या वेळी मी हजर होते."

सूनबाईंनी तोंड फिरवलं. मला वाटतं त्या हसल्या. मुलाने वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं.

"काय कमी आहे तुला इथे? सांग ना. खोली आहे, आम्ही आहोत, नातू आहे."

"कमी आहे म्हणून नाही करत. मला ते हवेत म्हणून करतेय."

"लोक हसतील, आई."

"कोण लोक?"

"सगळे! माझ्या कचेरीतल्या प्रत्येकाने तुमचं ते नाटक पाहिलंय. तूच डोळ्यांसमोर आण. तू, तो, हातात हात, आणि…" त्याने मागे पाठीकडे हात नेला आणि तोंडाने फाटल्याचा आवाज काढला. "अगदी ती आत्या!"

आणि तो हसला. रागात होता, तरी हसला. ते हसू त्याला आवरलं नाही. मी पेचकस खाली ठेवला.

टाचणीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "भाऊ, दार झालं?"

"झालं."

"मग चला. बस जाईल."

बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. चार थांब्यांनंतर म्हणाल्या, "अकरा वर्षांचा असताना मी त्याला सुट्टीत बरोबर आणायचे. विंगेत बाकावर बसायचा. ती शिवण उसवली की बाकावर उड्या मारून हसायचा. मला बरं वाटायचं. काम चांगलं झालंय, असं." मग आणखी एक थांबा गेल्यावर म्हणाल्या, "झालं होतंच चांगलं. पोराच्या अजून लक्षात आहे."

त्या दिवशी साडेतीनचा प्रयोग होता. दुसरा अंक सुरू झाला. मी भिंतीमागे गादी धरून. आत्याचं काम करणारी नटी बाकावर, नोकर तिच्यासमोर गुडघ्यावर. "मला वाटलं होतं, माझे दिवस गेले." तिने हात धरला, वाकली. टर्रर्र नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. त्या आवाजावर तिघांचं काम अडलेलं होतं. आवाज झाला की ढोलवाला थाप मारणार. आवाज झाला की दिवेवाले बागेतला मंद उजेड भगभगीत करणार. आवाज झाला की प्रियकर माझ्या गादीवर उडी मारणार. आवाजच झाला नाही. ढोलवाला हात उंचावून थांबला. प्रियकर भिंतीवर पाय टाकून थांबला. दिवेवाल्यांनी बटण दाबलं नाही. उजेड मंद राहिला, त्या दोघांवर.

नटी परत वाकली. खांदे ताणले. शिवण हलली नाही. तिने तो हात तसाच धरून ठेवला आणि वर बघितलं. काय करावं ते न सुचून तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, "मला वाटलं होतं, माझे दिवस गेले." या वेळी हळू.

नाट्यगृहात कोणी हसलं नाही. खोकलंही नाही. मी आत वीसपर्यंत आकडे मोजले. शेवटी नोकराचं काम करणारा नट म्हणाला, "बाई, उठा, गार आहे." हे नाटकात नव्हतं. थोडे लोक हसले, ढोलवाल्याने उशिरा थाप मारली, आणि पुढचं सगळं गडबडीत उरकलं. प्रियकर उडी चुकून माझ्या पायावर पडला.

चूक ती चूक. मी टाचणीबाईंच्या बाजूचा आहे म्हणून ती चूक नव्हती, असं लिहिणार नाही. नंतर झगा उलटा करून पाहिला. पाठीला दुहेरी पक्का दोरा, उलटी टीप, दोन्ही टोकांना गाठ. सकाळच्या त्या बोलण्यानंतर डोकं घरी राहिलं होतं आणि हाताने आपल्या मनाने शिवलं होतं. चांगला हात लक्ष नसताना चांगलंच शिवतो.

व्यवस्थापक कपडेपटात आले. ते रुमालाने टक्कल पुसत बोलायचे. "काय केलंत हे, टाचणीबाई?"

"चूक झाली. माझी आहे. दंड कापा."

त्यांना बरं वाटलं. "ठीक आहे, ठीक आहे. होतं कधीतरी. उद्या व्हायला नको."

"उद्या चूक होणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मी मुद्दाम करणार आहे."

व्यवस्थापकांचा रुमाल डोक्यावरच राहिला. "म्हणजे?"

"ती शिवण आता पक्की राहील. मी उसवायला शिवणार नाही."

"अहो, विनोद आहे तो! लोक त्या एका जागेसाठी येतात!"

"हसू द्या की लोकांना. आत्या कंजूष आहे, चहाडखोर आहे, भावाची साखर चोरते, त्याला हसू देत. पण तिला कोणाचा हात धरावासा वाटतो, त्याला हसायचं तर माझ्या दोऱ्याने नाही."

"तुम्हाला काय करायचंय नाटकात काय आहे त्याच्याशी? तुम्ही कपडे शिवता."

"तेच म्हणतेय. मी शिवते. फाडायला दुसरं कोणी बघा."

"बघतो!" ते म्हणाले. "गावात शिंपी कमी नाहीत."

कमी नव्हतेच. दुसऱ्या दिवशी एक शिंपी आला. चांगला कारागीर, कोट उत्तम शिवायचा. त्याने ती शिवण सैल घातली आणि आत्या पहिल्याच अंकात, चहाचा कप उचलताना, भावाच्या देखत उसवली. उरलेला अंक नटी भिंतीला पाठ लावून चालली. माझी भिंत हलत होती. त्याच्या पुढच्या प्रयोगाला शिंप्याने मोजून दोन टाके वाढवले. बागेत आत्या वाकली, काही नाही. परत वाकली, काही नाही. ती आत जायला निघाली आणि दारात टर्रर्र. लोक हसले, पण कशाला ते त्यांनाही कळलं नाही. शिंपी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सुतारदादा, हे काम कोण करत होतं? भूत?"

टाचणीबाई त्या दोन्ही दिवशी कपडेपटात बसून बापाच्या विजारी इस्त्री करत होत्या. त्यांनी शिंप्याला चिडवलंही नाही. मी चिडवलं असतं.

तिसऱ्या दिवशी आत्याचं काम करणारी नटी व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. वय अठ्ठावन्न, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, त्यामुळे दार बंद असूनही आम्हाला सगळं ऐकू आलं. "मला तो झगा धड हवाय. एकवीस वर्षं मी लोकांना पाठ दाखवतेय. रविवारी पहिल्यांदा त्यांनी माझं तोंड बघितलं."

"बाई, हशा गेला ना पण!"

"तुम्ही या आणि हसवून दाखवा. झगा तुम्हाला होईल, मी थोडा उसवून देते."

शिवण पक्की राहिली. विनोद कमी झाला, हे मी कबूल करतो. त्या प्रवेशात चार हशे होते, दोन उरले. काही दिवशी तिथे अगदी शांतता व्हायची आणि काही दिवशी कोणीतरी मध्येच नाक ओढायचं. तिकिटं थोडी कमी खपली की काय, ते मला माहीत नाही. व्यवस्थापकांनी मात्र टाचणीबाईंना माफ केलं नाही. त्या वर्षी सगळ्यांची पगारवाढ झाली, त्यांची झाली नाही. त्या विचारायलाही गेल्या नाहीत.

नाटकातला बाप शेवटच्या दहा मिनिटांत विरघळतो. मुलगा दोन महिने झाले तरी विरघळला नाही. रोज जेवताना तोच विषय. मग एके दिवशी म्हणाला, "हे घर, नाहीतर तो. काय ते ठरव." टाचणीबाई म्हणाल्या, "ठरवलंय मी. तूच रोज नव्याने विचारतोस."

शिवणयंत्र हलवायला दिवेवाले आणि मी गेलो. लोखंडी पायाचं जुनं यंत्र, तिसरा मजला, सहासष्ट पायऱ्या, वळणाला जिना अरुंद. दिवेवाले पुढे, मी मागे. पहिल्या वळणावर यंत्राचं चाक कठड्यात अडकलं. अशा वेळी ओढायचं नसतं, उचलून तिरकं करायचं असतं. आम्ही तसं करत होतो तोवर मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात चहाचा कप होता, तो प्यायला नाही.

"आई, मी लोकांना काय सांगू?"

टाचणीबाईंच्या दोन्ही हातांत कपड्यांची गाठोडी होती. "काय सांगायचं ते तू ठरव. विमा विकतोस ना? तुला बोलता येतं."

"मी चेष्टा करत नाहीये!"

"मीही नाही. त्या दिवशी तू मला हसलास. मला राग आला नाही. कारण ते हसू मीच तुला शिवून दिलं होतं, रोज अकरा मिनिटं बसून. ते आता मी उसवतेय. वेळ लागेल. यायचं तर ये, नाहीतर येऊ नको. लग्न पंधरा तारखेला आहे, अकरा वाजता, निबंधकाच्या कचेरीत. नंतर जेवण आहे. तुझी खुर्ची धरलीये."

"मी येणार नाही."

"धरलीये म्हटलं."

वळणावरून दिवेवाल्यांनी वर पाहिलं. ते मुलाशी कधी बोललेले नव्हते. "साहेब," ते म्हणाले, "जरा दिवा लावता का जिन्याचा? पायरी दिसत नाहीये."

मुलाने बटण दाबलं आणि तो आत गेला. आम्ही यंत्र खाली नेलं. कुठेही ओरखडा आला नाही.

पंधरा तारखेला दिवेवाले कोरा सदरा घालून आले. टाचणीबाई राखाडी रंगाच्या साध्या कपड्यांत. आत्याचं काम करणारी नटी साक्षीदार, मी दुसरा. निबंधकाने नियमाप्रमाणे विचारलं, लग्नाला कोणाची हरकत आहे का? आम्ही सगळे नाटकवाले. सवयीने दाराकडे पाहिलं. अशा वेळी कोणीतरी धावत येतं. दारात फक्त कचेरीचा शिपाई होता, पुढच्या जोडप्याचे कागद घेऊन. सह्या झाल्या. सात मिनिटं लागली.

जेवण कचेरीसमोरच्या खानावळीत सांगितलं होतं. टाचणीबाईंनी आठवडाभर आधी जाऊन सतरा माणसं सांगून ठेवली होती. दोन टेबलं जोडलेली, सतरा खुर्च्या. आम्ही पंधरा जण. ढोलवाला, नोकराचं काम करणारा नट, प्रियकर, तो कोट शिवणारा शिंपीसुद्धा. दोन खुर्च्या रिकाम्या. वाढणाऱ्याने विचारलं, थांबायचं का? टाचणीबाई म्हणाल्या, "नाही. सतरा जणांचं वाढा. अन्न गार होतं."

सूप संपत आलं तेव्हा सूनबाई आल्या. एकट्या. धावत आल्या असाव्यात, केस सुटले होते. नातू शाळेत होता. त्या सासूच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते घरी आहेत. मी येतेय म्हटलं तर काही बोलले नाहीत."

"नको जाऊ म्हणाला?"

"नाही. तेही नाही म्हणाले."

"मग जेव," टाचणीबाई म्हणाल्या.

त्या जेवल्या. चांगल्या जेवल्या. शिंप्याने उठून दोन विनोद सांगितले, दोन्ही पडले. नटीने दिवेवाल्यांना भाषण करायला लावलं. ते उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं, "बरं झालं तुम्ही आलात," म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. सतराव्या खुर्चीसमोरचं ताट भरलेलं तसंच होतं. कोणी ते उचलायला सांगितलं नाही. टाचणीबाई मधून मधून त्यावर बसलेली माशी हाताने उडवत होत्या.

शेवटी खानावळवाला बिल घेऊन आला. दिवेवाल्यांनी खिशात हात घातला. टाचणीबाईंनी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. "मुलीकडचं जेवण मुलीकडचे देतात. मुलीकडची मीच आहे." पिशवीतून त्यांनी पगाराचं पाकीट काढलं. न वाढलेला पगार, पूर्ण महिन्याचा.

खानावळवाल्याने टेबलाकडे पाहिलं. माणूस भला होता. "बाई, ते एक ताट कोणी शिवलं नाही. सोळांचेच द्या."

"सतरा सांगितले होते," त्या म्हणाल्या. "सतरांचे घ्या."

त्याने घेतले. पाकिटात बसच्या दोन तिकिटांपुरतं उरलं.